बोटानेच दाबायचं बटण

थोरल्याची जीभ अख्ख्या गल्लीला माहीत होती. गाडी चालवायला शिकवण्याची त्याची शाळा होती. तिथून बाहेर पडणाऱ्याला गाडी येवो न येवो, अपमान गिळायला हमखास यायचा. थोरला शेजारच्या सीटवर बसायचा, स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून वाट बघायचा, आणि समोरच्याने क्लच सोडताना जरा घोळ घातला की खाडकन गाडी थांबवायचा. मग अगदी शांतपणे विचारायचा, "बाई, तुम्हाला कात्री तरी सरळ धरता येते का?" मागच्या सीटवर आपल्या पाळीची वाट बघत बसलेले दोघे हसायचे, कारण हसलं नाही तर पुढचा नंबर आपला, हे त्यांना ठाऊक असायचं.

धाकटा त्याच्याहून बराच लहान. वडील लवकर गेले, आई त्यांच्या मागोमाग गेली, आणि धाकट्याला थोरल्यानेच वाढवलं. खायला कधी कमी पडू दिलं नाही आणि खाल्लेलं कधी अंगी लागू दिलं नाही. धाकटा बोलताना अडखळायचा. थोरल्याने त्याचं नाव ठेवलं अडकित्ता. घरी कोणी आलं की चहा व्हायच्या आत थोरला म्हणायचा, "थांबा, एक गंमत दाखवतो. अडकित्त्या, यांना तुझ्या शाळेचं नाव सांग." शाळेचं नाव 'प'पासून सुरू व्हायचं आणि धाकट्याचं घोडं नेमकं 'प'वरच अडायचं. तो लाल व्हायचा, ओठ मिटून झुंजायचा, आणि थोरला मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसायचा. पाहुणे हसू दाबायचे. वहिनी तेवढी उठून आत निघून जायची. तिच्या वाट्याला वेगळं होतंच.

धाकटा कॉम्प्युटरकडे वळला यात नवल नव्हतं. कीबोर्डवर 'प' अडत नाही. मोठा झाल्यावर तो गेम बनवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत लागला आणि वेगळी खोली घेऊन राहू लागला. राक्षस, तलवारी, धावणाऱ्या गाड्या हे काम इतरांचं. त्याचं काम त्या सगळ्याच्या खालचं, जिथे गेम आणि मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम एकमेकांना भेटतात तिथलं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनचा कारभारी. प्रत्येक प्रोग्रॅमला त्याने आपापली खोली दिलेली असते. पडदा, आवाज, कीबोर्ड, काहीही हवं असेल तर कारभाऱ्याकडे मागायचं. गेमला जे हवं ते या कारभाऱ्याकडून कधी गोडीगुलाबीने, कधी चलाखीने काढून घेणं, हे धाकट्याचं पोट भरायचं साधन. त्यात त्याचा हात धरणारं स्टुडिओत कोणी नव्हतं. लोक घरी जोडजाड करून बनवलेली स्टिअरिंग, पायाने दाबायची पेडलं, वाटेल ते मशीनला लावायचे, आणि धाकट्याचा प्रोग्रॅम मध्ये उभा राहून त्या सगळ्याचं रूपांतर कळ दाबल्यासारखं करून गेमला द्यायचा. गेमला वाटायचं, कोणीतरी कीबोर्डच दाबतंय.

मग थोरला आजारी पडला. आधी पाय लटपटायला लागले, मग हातातून पेला सुटायला लागला. मज्जातंतूंचा आजार आहे, उलटणारा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. शाळा विकली. हळूहळू हात गेले, मान गेली आणि शेवटी जीभही गेली. डोकं मात्र लख्ख. डोळे, कसाबसा घास गिळणं आणि उजव्या गालाचा एक स्नायू, एवढंच त्याच्या हुकमात उरलं.

ज्या दिवशी थोरल्याच्या तोंडून शेवटचा ओळखू येणारा शब्द गेला त्या दिवसापासून त्या घरात काय झालं, हे कोणी कोणाला बोलून दाखवलं नाही. पण वहिनी स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली होती. धाकट्याने ते ऐकलं होतं. बाहेरगावी नोकरी करणारी थोरल्याची मुलगी, धाकट्याची पुतणी, सुट्टीला आली की पूर्वीपेक्षा एक दिवस जास्त राहायची.

एवढं असूनही थोरल्याला पुन्हा बोलतं केलं ते धाकट्यानेच. का केलं, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. त्याने गेमच्या कंट्रोलरमधला एक बारीकसा सेन्सर काढून थोरल्याच्या गालावर चिकटवला. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळायची. हवं ते अक्षर आलं की गाल हलवायचा. धाकट्याचा तोच मधला प्रोग्रॅम ती हालचाल पकडायचा आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला कळ म्हणून द्यायचा. पूर्ण झालेलं वाक्य स्पीकरमधून सपाट, चढउतार नसलेल्या आवाजात ऐकू यायचं. त्याच गालाने टीव्ही लावता यायचा, मेल पाठवता यायचा, वहिनीसाठी घंटी वाजवता यायची.

पहिल्या दिवशी सगळे पलंगाभोवती उभे होते. वहिनीच्या डोळ्यांत पाणी, पुतणीच्या हातात शूटिंग करायला फोन. अक्षरं उजळत राहिली, गाल थरथरत राहिला, आणि पुष्कळ वेळाने स्पीकर बोलला, "अडकित्त्या, एवढं करायला एवढा वेळ लागला तुला?"

सगळे हसले. पुतणीने तो व्हिडिओ नातेवाइकांना पाठवला. हसले नाहीत ते थोरल्याचे डोळे.

नंतर कोणी हसलं नाही. पूर्वी थोरला बोलून बोलून दमायचा तरी, आता आवाज मशीनचा होता, त्याला धाप कसली लागते? वाक्य जुळवायला वेळ लागायचा, म्हणून तो प्रत्येक वाक्याला धार लावूनच बाहेर काढायचा. वहिनी भात भरवत असताना अक्षरं उजळत असायची आणि तिला दिसत असायचं की काहीतरी जमतंय. घास अर्ध्यावर असताना स्पीकर म्हणायचा, "तुझ्या हाताला वास येतो." पुतणीला बघायला आलेला मुलगा आईवडिलांसकट सोफ्यावर बसला होता, तेव्हा आतल्या खोलीतून आवाज पूर्ण वाढवून थोरला म्हणाला, "मुलगी आईवर गेली आहे. चार वर्षांत सुटेल." मुलाकडचे पुन्हा आले नाहीत. वहिनीचं गुणगुणणं कधीच थांबलं होतं.

एके दिवशी मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं. अपडेट आलं होतं. थोरल्याच्या पडद्यावर अक्षरांऐवजी एक चौकट उभी होती. 'हा प्रोग्रॅम तुमच्या वतीने इतर प्रोग्रॅममध्ये कळा दाबू इच्छितो. परवानगी द्यायची?' खाली दोन बटणं, हो आणि नाही.

थोरल्याने गाल हलवला. काही झालं नाही. त्याने पुन्हा पुन्हा हलवला.

धाकट्याला स्टुडिओत पोचताच कळलं होतं की काय झालंय. मधल्यामध्ये कळा दाबणारे प्रोग्रॅम भामट्यांच्याही कामाचे असतात. तशाच एका प्रोग्रॅमने लोकांची बँक खाती साफ केली होती. म्हणून सिस्टीम बनवणाऱ्यांनी नवा नियम केला. असा प्रोग्रॅम चालू व्हायच्या आधी माणसाला विचारायचं, मशीन सुरू होईल तेव्हा दर वेळी विचारायचं, आणि ते 'हो' खऱ्या बोटानेच दाबलेलं असलं पाहिजे. दुसऱ्या प्रोग्रॅमने दाबलेलं चालणार नाही, नाहीतर भामटा स्वतःच स्वतःला परवानगी देईल. नियम करणारी माणसं शहाणी होती. एकाही वाक्यात बोट ठेवायला जागा नव्हती. ज्याला बोटच हलवता येत नाही असा माणूस त्यांच्या बैठकीत नव्हता, एवढंच.

स्टुडिओत हलकल्लोळ माजला होता. गेम पूर्ण पडदा व्यापून उघडायचा आणि परवानगीची चौकट त्याच्या मागे दडून बसायची. खेळणाऱ्यांना वाटायचं गेम गोठला. शिव्यांचा पाऊस पडत होता. टीमची प्रमुख एक उंच बाई होती, सगळे तिला कॅप्टन म्हणायचे. तिने टेबलावर हात आपटला.

"आपण काय गुन्हा केला? काल चालत होतं, आज नाही. ना फोन, ना पत्र!"

"स-स-सूचना आली होती," धाकटा म्हणाला. "वाचली नाही क-कोणी."

"तू वाचलीस?"

धाकट्याने मान हलवली. वाचली होती. गेममध्ये बदल करायला हवा, हे तो मागेच म्हणालाही होता. पण बैठकीत त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कोणीतरी दुसरा विषय काढला होता.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. तो घरी गेला. चौकटीसमोर थोरला घामाघूम होऊन पडला होता. धाकट्याने 'हो' दाबलं. अक्षरं उजळायला लागली, आणि पहिलं वाक्य आलं ते वहिनीसाठी.

"मुद्दाम केलंस. तुझ्या आईनेही तुझ्या बापाला असंच तडफडत ठेवलं होतं."

वहिनीची आई म्हणजे जिने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं स्वतःच्या हाताने केलं होतं. वहिनीने थोरल्याचा घाम पुसला. धाकट्याच्या मागोमाग दारापर्यंत आली.

"भावजी, ते बटण कोणी दाबलं तरी चालतं?"

"कोणीही. फक्त ब-बोट हवं."

"आणि नाही दाबलं तर?"

"नाही दाबलं तर नाही."

वहिनीने आपल्या बोटांकडे बघितलं. हळदीने पिवळी पडलेली बोटं होती ती. "रोज दाबावं लागणार?"

"मशीन बंद करून सुरू केलं की."

"रात्री बंद करावंच लागतं," वहिनी म्हणाली. "त्या उजेडाने झोप लागत नाही मला."

त्यानंतर वहिनी सकाळी सगळं आवरून मग बटण दाबायला लागली. पुढे दुपारचं जेवण झाल्यावर. मग चार वाजता. कोणी येणार असेल त्या दिवशी दाबायचीच नाही. थोरल्याला भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची, सगळं नीटनेटकं करायची. कोणी तिला नावं ठेवली नसती. तेवढं एक बटण दाबायची नाही.

धाकटा रविवारी गेला तेव्हा थोरला काहीतरी जुळवत होता. स्पीकर म्हणाला, "आमटी चांगली झाली होती. धन्यवाद."

धाकट्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. "नीट बोलले तर दुसऱ्या दिवशी लवकर सुरू करते," ती म्हणाली, "वाकडं बोलले तर राहिलं. आता कळायला लागलंय त्यांना."

थोरला सगळं ऐकत होता. त्याचे डोळे छताला लागले होते. इतक्या वर्षांत त्या माणसाने कोणाला धन्यवाद म्हटल्याचं धाकट्याला आठवत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. घरी परतताना त्याने रस्त्यातच एकदा मोठ्याने म्हणून बघितलं, "आमटी चांगली झाली होती," आणि हसला.

पुढच्या रविवारी वहिनी बाजारात गेली होती आणि पडद्यावर चौकट होती. थोरल्याची नजर चौकटीवरून धाकट्यावर आली, पुन्हा चौकटीवर गेली. धाकट्याने खुर्ची ओढली आणि तो बोलायला लागला. ऑफिसातलं बोलला, घरभाड्याचं बोलला, एक मुलगी आवडते पण तिला विचारायचं धाडस होत नाही तेही बोलला. बटणाला हात लावला नाही. बराच वेळ बोलल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण एकदाही अडखळलो नाही. थोरल्याच्या डोळ्याच्या कडेने पाणी ओघळत कानात जात होतं. धाकट्याने रुमालाने ते पुसलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

इकडे गेमवर उतारा सापडला होता. सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीकडे प्रोग्रॅम तपासायला पाठवायचा. त्यांनी पसंत करून शिक्का मारला की तो प्रोग्रॅम बसवताना एकदाच बोटाने परवानगी द्यायची, पुन्हा कधी विचारणा नाही. धाकट्याने सगळा मधला भाग नव्याने लिहिला. पाठवायच्या दिवशी कॅप्टन त्याच्या टेबलाशी आली.

"तुझा तो भावासाठी केलेला प्रोग्रॅम याच्याच पोटातून निघालाय ना? तोही जोडून टाक. एकाच तपासणीत दोन्ही होतील."

"न-नको."

"अरे, नको काय? फुकटात होतंय."

"घरी ग-गरज नाही त्याची आता."

"बरे आहेत का भाऊ?"

"शांत असतात," धाकटा म्हणाला.

गेमला शिक्का मिळाला. खेळणारे परत आले, स्टुडिओत केक कापला. धाकट्याने घरी कोणाला काही सांगितलं नाही. वहिनीने एकदा विचारलं होतं, "हे असंच राहणार का भावजी?" तिला काय ऐकायचंय ते तिच्या आवाजावरूनच कळत होतं. तो म्हणाला होता, "वरूनच तसं केलंय त्यांनी. आपल्या ह-हातात काही नाही." वहिनीने हातातली घडी नीट केली आणि कपाटात ठेवली.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. थोरल्याच्या स्पीकरमधून आदल्या दिवशी काहीतरी वाकडं गेलं होतं. काय गेलं ते वहिनीने कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने बटण दाबलं नाही. लघवीची नळी गादी आणि पलंगाच्या कडेमध्ये दबली होती. थोरला दिवसभर गाल हलवत राहिला. वहिनीने भरवताना ते बघितलं, पण असा गाल तो रोजच हलवायचा. संध्याकाळी चादर बदलायला घेतली तेव्हा अंग भाजत होतं, पोट दगडासारखं झालं होतं आणि गाल आतून दातांवर घासून फाटला होता.

हॉस्पिटलात नेलं. जंतू रक्तात गेले होते. पुतणी मिळेल त्या गाडीने आली. थोरला जगेल की नाही कोणी सांगत नव्हतं. त्या लांबलचक पॅसेजमधल्या बाकावर तिघं बसून राहायची, कोणी कोणाकडे न बघता.

एका दुपारी कॅप्टन भेटायला आली. हातात फळांची पिशवी. पुतणीशी ओळख झाल्यावर ती हळहळली. "नळी दबलेली दिवसभर कळलीच नाही? पण ते तर मशीनवर बोलायचे ना?"

"मशीन सुरू केलं की रोज परवानगी द्यावी लागते," पुतणी म्हणाली. "त्या दिवशी आईचं राहून गेलं. वरूनच तसं केलंय म्हणे, त्याला इलाज नाही."

कॅप्टनने धाकट्याकडे बघितलं. "इलाज नाही कसा? गेमचं तर केलंच की आपण. मी तेव्हाच म्हटलं होतं याला, भावाचंही त्यात जोड. एका दुपारचं काम होतं." मग तिला काहीतरी उमगलं. फळं बाकावर ठेवून ती लवकरच निघाली.

"काका," पुतणी म्हणाली, "तुला माहीत होतं?"

धाकट्याने ओठ मिटले. पुतणी थांबून राहिली. लहानपणापासून तिने कधी त्याचं वाक्य तोडलं नव्हतं, आताही तोडलं नाही.

"ह-ह-हो."

"आई, तुला?"

"मला काय कळतंय त्यातलं?" वहिनी ताडकन म्हणाली. "भावजी म्हणाले आपल्या हातात काही नाही. मी त्यांच्या शब्दावर राहिले. भाऊ ना ते! सख्खा भाऊ असं करेल असं कोणाच्या मनात तरी येईल का?" आणि तिने पदर तोंडाला लावला. येणारे-जाणारे वळून बघायला लागले. धाकट्याने तिच्याकडे बघितलं. कोरड्या डोळ्यांनी ती त्याच्याकडेच बघत होती.

थोरला जगला. तो घरी आला तोवर धाकट्याने प्रोग्रॅम तपासून, शिक्का मारून आणला होता. बसवायला त्याला घरात घेतलं नाही. पुतणीने दारातच पेनड्राइव्ह घेतला, मशीनवर प्रोग्रॅम चढवला आणि 'हो' दाबलं. बाहेर येऊन म्हणाली, "चाललं. आता पुन्हा येऊ नकोस."

"दादा क-काही म्हणाला?"

"तुझ्याबद्दल? नाही."

तो वर्षभर गेला नाही. स्टुडिओत त्याचा पगार वाढला, कॅप्टन त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागली. त्याच्या टेबलाशी उगाच कोणी थांबेनासं झालं. त्या मुलीला त्याने विचारलं नाही.

मग एकदा न राहवून त्याने वहिनीला फोन केला. तिने उचलला, आवाज ओळखला आणि हळू आवाजात बोलायला लागली. पुतणी नोकरीवर परत गेली होती. "काही विचारू नका भावजी. पूर्वीपेक्षा दसपट. आता बंदच करता येत नाही ना ते, पोरीने बजावून ठेवलंय. सगळं काढतात, त्या दिवसाचं. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. काल दूधवाल्याला सांगितलं, ही बाई माणसं मारते, जपून राहा. परवा मी रडले तर म्हणाले, आवाज येत नाही, मोठ्याने रड."

"आणि म-माझं?"

"तुमचं नाव नाही काढत. मी काढलं एकदा, तर म्हणाले, कोण?"

धाकटा काहीतरी म्हणणार होता. शब्द ओठाशी येऊन थांबला. तेवढ्यात फोनमध्ये मागून तो सपाट आवाज आला, पूर्ण वाढवलेला.

"कोणाचा फोन आहे?"

वहिनीने फोन तोंडापासून दूर धरला.

"कोणाचा नाही हो," ती म्हणाली. "राँग नंबर."

आणि तिने फोन ठेवला.